बातम्यांतला रणगाडा

आमच्या घरात व्हिडिओ गेम आला तो दत्तासाठी, आणि आठवड्याच्या आत बंद पडला तोही दत्तामुळेच. दत्ता म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, आबांचा, एकुलता एक मुलगा. वयाने माझ्याहून मोठा, पण आठवीत एकदा नापास झाल्यामुळे माझ्याच वर्गात. नववीतून तो पास होऊन सुटला याचा आबांना इतका आनंद झाला की ते शहरात जाऊन काळं-तांबडं प्लॅस्टिकचं एक खोकं घेऊन आले. वरून पिवळी कॅसेट खोचायची, मागची वायर टीव्हीला लावायची, आणि दोन बाजूंना लटकणाऱ्या दोन बटणपट्ट्या हातात धरून खेळायचं. त्या पट्ट्यांना आम्ही रिमोट म्हणायचो. मी त्याच वर्षी वर्गात पहिली आले होते. मला ड्रेसचं कापड मिळालं, तेही पोपटी. पोपटी रंगावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

धायरी तेव्हा गाव होतं. आज जिथे माझी सोसायटी आहे, आणि जिथल्या लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे न बघता उभे राहतात, तिथे आमचा गव्हाचा तुकडा होता. घरात आबा, चुलती, दत्ता, माझे वडील म्हणजे अण्णा, आई आणि मी. पहाटे म्हशींच्या धारा निघायच्या, बादलीवर पडणाऱ्या दुधाचा आवाज आधी कोरडा यायचा आणि मग भरत जायचा. मग भाकरी थापल्याचा आवाज. आई भाकरी थापायला बसली की तिच्या बांगड्या आणि परात यांचा मिळून एक ठेका व्हायचा आणि त्या ठेक्यावरून तिचा राग-लोभ कळायचा, कारण तोंडाने ती काही बोलायची नाही. थोरल्या दिरासमोर तर नाहीच. आबा ओसरीवर आले की पदर डोक्यावर घेऊन ती आत वळायची. अण्णाही तसेच. मोठ्या भावाने बैल विकायचा म्हटलं की विकायचा, विहिरीवर मोटर बसवायची म्हटलं की बसवायची. अण्णांचं उत्तर एकच, "तुम्ही म्हणाल तसं." मला हे वाक्य लहानपणापासून खुपायचं. घरात एकच माणूस बोलतो आणि बाकीचे माना हलवतात, हे मला कधी पटलं नाही आणि पटलं नाही हे मी लपवलंही नाही. "हिची जीभ आत राहत न्हाई," असं चुलती म्हणायची. खरं होतं ते. जीभ आत ठेवायला दिलेली नसते.

तर तो गेम. त्याचा स्वतःचा ॲडॅप्टर दत्ताला सापडेना, म्हणून त्याने अण्णांच्या रेडिओचा लावला. पिन बसली, म्हणजे चालणार, असा त्याचा हिशोब. रेडिओच्या पिनेत प्लस आत असतो आणि या गेमला तो बाहेर लागायचा. खोक्यातून एक बारीक धूर निघाला, जळक्या मासळीसारखा वास आला आणि दत्ताने ते उचलून माळ्यावर टाकलं. आबांना सांगितलं, "माल डुप्लिकेट होता." आबांनी दुकानदाराच्या नावाने दोन दिवस शिव्या घातल्या. मी माळ्यावरून ते खाली काढलं आणि उघडलं. गावच्या वाचनालयात रेडिओ दुरुस्तीचं एक मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक होतं. ते माझ्याशिवाय कुणी नेत नसे, म्हणून ते जवळजवळ माझ्याकडेच असायचं. अण्णांचा रेडिओ मी दोनदा उघडून बंद केला होता आणि दोन्ही वेळा तो चालू राहिला होता, त्यामुळे मला आत्मविश्वासही भरपूर होता. खोक्याच्या आत हिरवी पाटी, तिच्या कडेला तीन पायांचा एक काळा तुकडा, आणि त्याच्या पोटाला फुगवटा. बाहेरून येणारी जास्तीची वीज दाबून पाच व्होल्ट आत सोडायचं एवढंच त्याचं काम. तो मेला होता, बाकी पाटी जिवंत होती.

आईच्या पाठीचं औषध सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांकडे चालू होतं. पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले आणि परत येताना तिला तपकीर गल्लीत वळवलं. तिथे सगळ्या दुकानांत रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग. एका दुकानात चष्मेवाले गृहस्थ पेपर वाचत बसले होते. आम्हा दोघींकडे, म्हणजे आईच्या नऊवारीकडे आणि माझ्या दोन वेण्यांकडे बघून ते म्हणाले, "मिक्सरचं दुकान पुढे आहे." मी म्हटलं, "मिक्सर नकोय. तीन पायांचा सेव्हन एट झीरो फाइव्ह द्या." त्यांनी पेपरची घडी केली. "कशाला हवाय?" "लावायला," मी म्हटलं. पुण्यात असं विचारलं तर असंच उत्तर द्यायचं असतं. ते काही हसले नाहीत, पण भाग दिला आणि आईला म्हणाले, "बाई, मुलगी तुमचीच का?" आई म्हणाली, "व्हय. अजून तरी."

आता लोक माझ्याकडे ही जुनी खोकी घेऊन येतात. खराडीच्या आयटी पार्कातली मुलं, बापाच्या माळ्यावर सापडलेला गेम कापडी पिशवीत घालून आणतात आणि म्हणतात, "आंटी, हा रेट्रो आहे, मोठ्या एलईडीवर चालेल असं मॉडिफाय करून द्याल का?" करून देते. त्यांना आधी पाणी देते आणि मग विचारते, कुठला ॲडॅप्टर लावला होता? दर खेपेला कुणीतरी पिन बसली म्हणून भलताच लावलेला असतो. दत्ता एकटा नव्हता, एवढं मला आता कबूल करायला हरकत नाही. ती मुलं मग माझ्या टेबलाकडे बघत विचारतात, "आंटी, तुम्ही हे कुठे शिकलात?" मी सांगते, वैरणीच्या खोलीत. त्यांना तो कुठला क्लास वाटतो.

वैरणीची खोली म्हणजे गोठ्याला लागून कडब्याची खोली. तिथल्या फळीवर मी डाग द्यायचे. सोल्डरिंगला आमच्याकडे डाग देणं म्हणायचे. राळेचा धूर आणि शेणाचा वास मिसळून एक तिसराच वास व्हायचा, आणि आई दारात येऊन म्हणायची, "ह्या वासानं म्हशी आटतील एक दिवस." म्हशी काही आटल्या नाहीत. गेम चालू झाला त्या दिवशी दत्ता आला आणि म्हणाला, "आन हिकडं, माझा हाय." त्याचाच होता, दिला. मग त्याने रिमोटची बटणं इतकी दाबली की आतलं रबर झिजलं. मी सिगरेटच्या पाकिटातली चांदी कापून रबराला चिकटवली, तीही त्याने झिजवली. शेवटी मी दुरुस्ती करणं सोडलं आणि बदल करायला घेतले. शहरात एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, उभी कपाटासारखी यंत्रं, एक दांडा आणि मोठाली बटणं, आणि आत सगळे मुलगे. मी दारात उभं राहून बघत होते तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "लेडीज अलाउड नाही." बरं. आईचा एक जुना पोळपाट कडेला तडकला होता. त्याला मी दाराच्या बेलची बटणं बसवली, चार दिशांना चार आणि उजवीकडे मोठं एक, गोळी मारायला. खालून वायरी काढून रिमोटच्या पाटीला जोडल्या. असं बटण पार्लरात पण नव्हतं. दाबलं की कट् असा आवाज यायचा आणि मनाचं समाधान व्हायचं. आईने तो पोळपाट बघितला, बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "चपाती चिकटंल."

खरी अडचण टीव्हीची होती. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याचं चॅनेल फिरवायचं बटण कुणीतरी (नाव घेत नाही, त्याच्या बाजूने एकदा कबुली दिली तेवढी पुरे) पकडीने उपटलेलं. त्यामुळे तो कायमचा एकाच चॅनेलवर अडकलेला, सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्यावरून जे येतं तेच. आमच्या अंगणातून मनोरा समोर दिसायचा. गेमचं चित्र वेगळ्या चॅनेलवर निघायचं, त्यामुळे दत्ता टीव्हीमागचा एक स्क्रू पिळत बसायचा आणि मग रात्री आबांना बातम्यांत मुंग्या दिसायच्या. मी गेमच्या आतली पत्र्याची डबी उघडली. त्यात तारेचं एक वेटोळं असतं, ते जरासं फिरवलं की चॅनेल बदलतं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तरी ते बिथरायचं, म्हणून उदबत्तीची काडी तासून तिने फिरवलं, आणि गेम बरोबर बातम्यांच्या चॅनेलवर आणून बसवला. पण अँटेनाची वायर काढली-घातली की आबांना कळायचं. म्हणून दोन्ही वायरी एकत्र जोडल्या. आता मनोरा आणि गेम एकमेकांत मिसळायला लागले, कुस्तीच्या बातमीवर गेममधले माझे रणगाडे धुरकट दिसायचे. मग मी गेमच्या पुढे एक ट्रान्झिस्टर लावला आणि सिग्नल वाढवला. मनोऱ्याला दाबायचंच, असं मी ठरवलं होतं. आमच्या पडद्यावर मनोरा हरला. तो गेम फक्त आत टीव्हीत जात नव्हता, त्याच वायरीने वर अँटेनात चढून सगळ्या आळीत पसरत होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दहावीचा निकाल लागला होता, आम्ही दोघंही पास झालो होतो. मला शहरातल्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता. घरात अजून कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवसांत एका संध्याकाळी मोठी माणसं लग्नाला गेली. दत्ता आणि मी घरी. तो आधी खेळला आणि हरला. मग मी पोळपाट मांडीवर घेतला आणि पार शेवटपर्यंत गेले. बाहेर आळीत काय चाललंय याचा आम्हाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सखूआत्या ओसरीवर येऊन बसली. सखूआत्या शेजारची, एकटी राहायची, टीव्ही हा तिचा सगळा संसार. ती आबांना म्हणाली, "काल बातम्या देनाऱ्या बाईच्या कपाळावर रणगाडा फिरत हुता. तिच्या नाकातनं गोळ्या सुटत हुत्या. मला वाटलं लढाई लागली." तिच्यामागून चार घरची माणसं आली. सगळ्यांकडे तेच झालं होतं. आबांनी आमचं टीव्हीमागचं जंजाळ बघितलं, ट्रान्झिस्टरची डबी हातात घेऊन उलटसुलट केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग येण्याऐवजी हळूहळू अभिमान आला.

"दत्तूनं," ते म्हणाले, "आख्ख्या आळीला सिनेमा दावला. आरं, सरकारी मनोऱ्याला खाली घातलं पोरानं!"

माणसं हसली. कुणीतरी दत्ताच्या पाठीवर थाप मारली. आबा म्हणाले, "ह्याला डिप्लोमालाच घालतो. हितं गुरांत ठिवून काय करू असलं डोकं?" मी दारात उभी होते. मी म्हटलं, "आबा, ते मी केलंय." कुणी ऐकलं नाही. मी पुढे आले आणि मोठ्याने म्हटलं, "त्याने नाही, मी केलंय. तो गेम दुरुस्तही मीच केला." आबांनी दत्ताकडे बघितलं. "व्हय रं?"

दत्ता म्हणाला, "ती बसली हुती शेजारी."

या वाक्यासाठी मी दत्ताला आजवर माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. तो भला माणूस आहे, दिवाळीला फराळ घेऊन येतो, मी त्याच्या करंज्या खाते आणि माफ करत नाही. मी ओसरीवर सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "मग सांग, वेटोळं कशाने फिरवलं? ट्रान्झिस्टरचा मधला पाय कुठे जोडलाय?" त्याला सांगता येईना. माणसं आता आबांकडे बघायला लागली आणि तिथे बिघडलं. दत्ताला येत नाही यापेक्षा पुतणी चारचौघांत बोलते हे आबांना जास्त लागलं. "माणसांत तोंड वर करून बोलतीस?" म्हणत त्यांनी तो गेम वायरींसकट ओढला आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर आपटला. पोळपाट तेवढा माझ्या हातात राहिला. "पोरीनं बारावी करायची, हितल्या हितं. मग बघू. बसनं शहरात, पोरांच्या घोळक्यात, असलं आपल्यात चालत न्हाई," ते म्हणाले. अण्णा खाली बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी वर बघितलं नाही.

मी अर्ज मात्र भरला होता. शाळेतल्या बाईंनी मदत केली होती. यादीत माझं नाव लागलं, आणि प्रवेशाला पालकाने बरोबर यायचं, तेही अमुक दिवशी सकाळी, नाहीतर जागा पुढच्याला. मी घरात सांगितलं. आबा म्हणाले, "कोन न्हेतंय बघू." अण्णा उठून गोठ्याकडे गेले. आई भाकरी थापत होती, ठेका जरा जोरात होता, पण आईचा राग नेमका कुणावर हे ठेक्यावरून कळत नसे.

तेव्हा मी तो फुटका गेम पुन्हा वैरणीच्या खोलीत नेला. खोकं तर गेलंच होतं. हिरव्या पाटीला मधून आडवी चीर गेली होती आणि तांब्याच्या सगळ्या बारीक वाटा त्या चिरेवर तुटल्या होत्या. दोन तुकडे पट्टीवर शेजारी ठेवले, मागून फळकुट लावून आवळले. मग ब्लेडने वरचा हिरवा रंग खरवडायचा, खालचं तांबं चमकलं की वायरीतला केसासारखा एक धागा आडवा टाकायचा, दोन्हीकडे डाग द्यायचा, आणि शेजारच्या वाटेकडे जायचं. हात हलला तर दोन वाटा जुळतात आणि सगळं परत. मी रडत नव्हते. लोक समजतात की अशा वेळी माणूस रडत काम करतं. मला इतका राग आला होता की हात अजिबात हलत नव्हता. अशी कामं रागात चांगली होतात, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, मी लिहून ठेवते. आई मध्येच आली, नाकाला पदर लावून उभी राहिली. मला वाटलं आता म्हशींचं काढणार. ती म्हणाली, "चालंल का?" मी म्हटलं, "चालणार." ती गेली.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, बातम्यांच्या आधी, मी घरामागच्या दोन नव्या खोल्यांच्या स्लॅबवर चढले. जिना अजून व्हायचा होता, बांबूची शिडी लावून जायचं. अँटेना तिथेच होती. वीज तोडून कुणी मला बंद पाडू नये म्हणून आबांच्या फटफटीची बॅटरी काढून वर नेली होती. उघडी पाटी, बॅटरी, ट्रान्झिस्टरची डबी, मांडीवर पोळपाट. अँटेनाची वायर आमच्या टीव्हीपासून तोडली आणि थेट डबीला जोडली. माझ्यासमोर पडदा नव्हता. मला काहीच दिसणार नव्हतं. समोर फक्त गड आणि त्याच्यावरचा मनोरा, त्याच्यावरचा तांबडा दिवा नुकता लागलेला. मी बटण दाबलं, आणि आळीकडे कान लावला.

आधी काहीच नाही. बातम्यांचं संगीत चार-पाच घरांतून एकदमच आलं. मी उदबत्तीच्या काडीने वेटोळं जरासं सरकवलं. अजून जरासं. आणि सखूआत्याच्या घरातून ओरडा आला, "आलं गं बया! परत आलं!" मग पलीकडच्या घरातून, मग त्याच्या पलीकडून. दारं उघडली, माणसं बाहेर आली. मी पाठ केलेल्या वाटेने रणगाडा पुढे नेत होते, उजवीकडे, वर, कट्, कट्. "आरं, दत्तूला थांबव!" कुणीतरी आबांना ओरडलं.

आबा अंगणात होते. दत्ता त्यांच्या शेजारीच उभा होता, हातात चहाचा कप. सखूआत्या तरातरा आली, दत्ताकडे बघितलं, मग आबांकडे, आणि म्हणाली, "ह्यो तर हितं हाय. मग वर कट्-कट् करतंय ते कोन हाय?"

सगळ्यांनी वर बघितलं. मी कडेला येऊन उभी राहिले, पोळपाट तसाच हातात. "मी आहे," मी म्हटलं.

"नंदे, खाली ये," आबा म्हणाले.

"उद्या सकाळी मला कॉलेजात कोण नेणार ते सांगा. मग येते."

"आधी खाली ये!"

"नाही. उद्याही बातम्या नाहीत आणि परवाही नाहीत. आपटा परत, परत जोडीन. मला येतं ते."

आतून मी घाबरलेच होते, पण ते खालून कुणाला दिसत नसावं. सखूआत्या म्हणाली, "आरं घाल की पोरीला कुठं जायाचं तिथं. बातम्यांनंतर माझी मालिका हाय." दोघंतिघं हसले, आबा हसले नाहीत. ते दत्ताला म्हणाले, "जा, आन तिला धरून." दत्ता कप ठेवून घराला वळसा घालून मागे आला. मी मागच्या कडेला धावले.

शिडी भिंतीला नव्हती. ती मागच्या अंगणात आडवी पडली होती आणि तिच्यावर आई बसली होती. मांडीवर ताट घेऊन ती मेथी निवडत होती. दत्ता म्हणाला, "काकी, उठा जरा." तिने एक काडी मोडली आणि बाजूला टाकली. आबा आले. त्यांच्यामागून आळी आली. थोरले दीर समोर उभे, आणि आईचा पदर खांद्यावर. ती उठली नाही की आत वळली नाही.

"शिडी लाव," आबा म्हणाले.

"न्हाई," आई म्हणाली.

मी आईला आबांशी बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आबांनीही नसावं, कारण ते अण्णांकडे वळले, बायकोला समजाव अशा नजरेने. अण्णा गर्दीच्या कडेला उभे होते, हाताला अजून चाऱ्याचा कचरा. त्यांनी आईकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणतील, तुम्ही म्हणाल तसं.

"मी नेतो तिला सकाळी," अण्णा म्हणाले. आवाज इतका हळू की मागच्यांनी "काय म्हनला?" असं विचारलं. तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यांदा. "पहिल्या बसनं. मी नेतो."

आळीतल्या प्रत्येक घरातून, रिकाम्या खोल्यांतून, माझ्या उभ्या राहिलेल्या रणगाड्याचा घरघर आवाज येत होता. शेवटी आबा म्हणाले, "ने बाबा. ने. पन आधी त्या बातम्या सोड म्हनावं."

मी वायर काढायला वाकले. तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. तिने ताटातून मान वर केली नव्हती.

"नंदे, हात लावू नगंस. आत्ता म्हनत्यात, मागनं फिरतील. हो म्हनलेलं सगळ्यांना ऐकू जाऊ दे, बातम्या संपू दे, मग उतर."

मी हात मागे घेतला, खाली बसले आणि बातम्या संपेपर्यंत खेळले.